साहेबांना काय द्यावे?

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की घरोघरी याद्या सुरू होतात. शेवया किती आणायच्या, खारीक किती, फित्रा कुणाला द्यायचा, ईदच्या दिवशी डबा कुणाकुणाकडे जायचा. शेजारी, खाला, कामवाली बाई, दूधवाला ही नावे चटकन लिहिली जातात. मग घरातला नोकरीवाला मुलगा किंवा मुलगी विचारते, "अम्मी, आमच्या साहेबांना काय द्यायचं?" आणि यादी तिथेच अडते.

ती अडते यालाही कारण आहे. खालाला काय आवडेल, एवढाच विचार खालाचे नाव लिहिताना मनात येतो. साहेबांचे नाव लिहिताना मात्र 'त्यांना काय वाटेल' हा विचार आधी येतो. कमी दिले तर हलके वाटेल का? जास्त दिले तर मस्का मारतो म्हणतील का? दिलेच नाही तर ते लक्षात ठेवतील का? ज्या भेटीमागे इतके हिशेब उभे राहतात, तिच्याकडे जरा थांबून पाहिलेले बरे.

आपल्या मुलामुलींच्या बाबतीत यात आणखी एक ओझे असते. पुष्कळ ऑफिसांत, बँकांत, कारखान्यांत आपल्यातले एखाद-दोघेच असतात. ईद ही तिथे त्या एकट्याचीच ईद असते. 'आपल्याबद्दल चांगले मत व्हावे' म्हणून नवी नोकरी लागलेला मुलगा ऐपतीबाहेर खर्च करतो. चांगले मत व्हावे ही इच्छा वाईट नाही. पण ते मत बारा महिन्यांच्या कामाने, वेळेवर येण्याने, खऱ्या बोलण्याने होते. मिठाईच्या डब्यावर एवढे ओझे टाकू नये, त्याला ते पेलवत नाही.

हदिया देणे-घेणे ही आपल्याकडे मुळातच पसंत केलेली गोष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) हदिया स्वीकारत असत आणि त्याची परतफेडही करत असत. शेजाऱ्याने पाठवलेली क्षुल्लक वस्तूही तुच्छ मानू नये, अशी त्यांची शिकवण आहे. म्हणजे किंमत कमी म्हणून भेट छोटी होत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

पण याच हदीस-संग्रहांत दुसरी एक घटनाही आहे आणि साहेबांच्या प्रश्नाला ती थेट लागू पडते. अज्द कबिल्यातल्या इब्नुल लुतबिय्या नावाच्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) जकात गोळा करायला पाठवले होते. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले. हा तुमचा, म्हणजे जकातीचा, आणि हा मला लोकांनी भेट दिलेला, असे त्याने सांगितले. प्रेषितांना (स.) हे अजिबात आवडले नाही. मिंबरवर उभे राहून सर्वांसमोर ते याविषयी बोलले. हा माणूस आपल्या आईच्या किंवा बापाच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या का, असा त्यांचा प्रश्न होता. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही घटना आली आहे.

हा प्रश्न घेणाऱ्याला विचारलेला आहे, पण देणाऱ्यानेही तो स्वतःला विचारून पाहावा. हे साहेब उद्या या खुर्चीवर नसतील, घरी बसलेले असतील, तर मी हा डबा त्यांच्याकडे नेईन का? उत्तर 'हो' आले तर बिनधास्त न्यावा. उत्तर द्यायला मन कचरले तर ती भेट माणसाला नाही, खुर्चीला चालली आहे असे समजावे.

उमर बिन अब्दुल अजीज (रह.) हे इ. स. ७१७ ते ७२० या काळात खलिफा होते. त्यांना एकदा सफरचंद खावेसे वाटले. कुणीतरी ती भेट म्हणून आणून दिली. त्यांनी वास घेतला आणि ती परत पाठवली. प्रेषित (स.) तर हदिया स्वीकारत असत, असे सोबतच्यांनी म्हटले. तेव्हा, त्यांच्या काळी तो हदिया होता, आज अधिकाऱ्यांसाठी ती रिश्वत आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. सफरचंदाला नाव ठेवायला काही जागा नव्हती. ते कुणाच्या हातात आणि कशासाठी येते आहे, याची त्यांना काळजी होती.

आता आपल्या आजच्या नोकऱ्यांकडे येऊ.

सरकारी नोकरी असेल तर

साहेब सरकारी असतील तर भेटीचा विचार नियमांपासून सुरू करावा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत आणि महाराष्ट्र राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे. भेटवस्तू कुणाकडून आणि किती घ्यायची, यावर दोन्हींत बंधने आहेत. केंद्राच्या नियमांत प्रसंगाने झालेले एखादे जेवण, गाडीतून सोडणे किंवा नेहमीचा पाहुणचार याला भेट मानलेले नाही. म्हणजे ईदच्या दिवशी साहेबांना घरी बोलावून शीरखुर्म्याची वाटी पुढे करण्यात अडचण येत नाही. सोन्याची अंगठी, मोबाईल, पैशाचे पाकीट यांची गोष्ट वेगळी. तिथे पाहुणचार संपतो आणि चौकशी सुरू होऊ शकते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती घरातल्या सर्वांना माहीत असावी. त्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा ठरला आहे. कुणी द्यायला भाग पाडले असेल तर देणाऱ्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायचे असते, तरच त्याला संरक्षण मिळते. आपल्या राज्यात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. हदीसमध्येही रिश्वत देणारा आणि घेणारा दोघांनाही दोषी म्हटले आहे. 'मी तर फक्त दिले, घेतले त्यांनी' ही पळवाट दोन्हीकडे बंद आहे.

खासगी कंपन्यांत हा कायदा सहसा येत नाही, पण मोठ्या कंपन्यांचे भेटवस्तूंविषयी स्वतःचे लेखी नियम असतात. नोकरीला लागताना सही केलेल्या कागदांत ते पुष्कळदा असतात आणि आपण ते वाचलेले नसतात. एचआरला विचारायला लाजू नये. विचारले म्हणून कुणाची नोकरी जात नाही. न विचारता दिलेली भेट साहेबांनी सर्वांसमोर परत केली, तर मात्र दोघांचीही मान खाली जाते.

कधी द्यावे

काय द्यावे याची चर्चा खूप होते, कधी द्यावे याची होत नाही. खरे तर वेळच भेटीचा अर्थ ठरवते. तीच आंब्याची पेटी मे महिन्याच्या अखेरीस नेली तर गावाकडचा मेवा असतो. नोकरी कायम होण्याच्या आठवड्यात नेली तर ती अर्जाला जोडलेला कागद होते.

२०२५ साली रमजान ईद नेमकी ३१ मार्चला आली होती. एकीकडे ईद, दुसरीकडे वर्षअखेर. अनेक ठिकाणी पगारवाढीचे आणि कामाच्या मूल्यमापनाचे कागद याच दिवसांत फिरत असतात. चांद्रवर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते, त्यामुळे कधी ती बदल्यांच्या मोसमात येईल, कधी बढतीच्या. अशा वेळी ईद टाळायची का? मुळीच नाही. फक्त डबा एकट्या साहेबांच्या केबिनमध्ये नेऊ नये. मोठा डबा आणावा, जेवणाच्या सुट्टीत सर्वांसमोर उघडावा, शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना त्यातलेच मिळावे. जे सर्वांना सारखे मिळते, त्यातून कुणी वेगळा अर्थ काढत नाही.

रजा, बदली, बढती, तक्रार, चौकशी यांपैकी आपले काही साहेबांच्या टेबलावर असेल, तर निकाल लागेपर्यंत हात आवरावा. काम झाल्यावरही लगेच पेढे घेऊन धावू नये. दोन ओळींचे मनापासूनचे आभार पुरेसे होतात.

किती द्यावे

एक साधा घरगुती हिशेब सुचवते. साहेबांसाठीच्या भेटीवरचा खर्च आपल्या एका दिवसाच्या पगारापेक्षा जास्त नसावा. महिन्याला पंधरा हजार पगार आणि कामाचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाचे पावणेसहाशे रुपये होतात. त्याच्या आत जे बसते ते पुष्कळ आहे. कर्ज काढून, हप्त्यावर किंवा मुलांच्या ईदच्या कपड्यांतून वाचवून दिलेली भेट घेणाऱ्याला समजली, तर चांगल्या माणसाला तो घास गोड लागणार नाही. आणि ज्याला लागेल, त्याला देऊन उपयोग काय?

याच हिशेबाने वर्गणीकडेही पाहावे. साहेबांचा वाढदिवस आला की ऑफिसात एक उत्साही माणूस वही घेऊन फिरतो. 'प्रत्येकी पाचशे' असे ठरते. पन्नास हजार पगाराच्या माणसाला ते कळतही नाही. कंत्राटी सफाई कामगाराच्या घरात त्या पाचशे रुपयांत आठवड्याची भाजी येते. तरी तो देतो, कारण वहीत नाव आणि नावापुढे रक्कम लिहिलेली असते. ही वही तुमच्या हातात आली तर दोन गोष्टी करा. रकमेचा रकाना काढून टाका आणि बंद पाकीट फिरवा, ज्याला जे टाकायचे ते टाकेल. नाही तर फक्त सर्वांच्या सह्यांचे एक कार्ड द्या. सहीला पैसे लागत नाहीत आणि साहेबांच्या कपाटात तेच जास्त दिवस टिकते.

काय द्यावे

घरातले किंवा गावातले द्यावे, हे सर्वांत चांगले. कोकणातल्या घराकडे काजूगर, कोकमाचे आगळ, हापूस आहे. सोलापूरकडच्या मुलाने एखादी सोलापुरी चादर नेली तर तिच्याबरोबर त्याचे गावही साहेबांच्या घरी जाते. महाबळेश्वरकडच्यांची स्ट्रॉबेरी, औरंगाबादकडच्यांचा हिमरू विणकामाचा छोटा रुमाल, यांना दुकानातल्या चकचकीत खोक्याची सर येत नाही. किंमत विचारायची कुणाला गरज पडत नाही आणि बोलायला विषय मिळतो.

ईदचा डबा देताना घेणाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. आपला शीरखुर्मा दूध, शेवया, खारीक, बदाम, पिस्ते, चारोळी आणि तूप यांचा, म्हणजे शुद्ध शाकाहारी. तरीही काही शाकाहारी घरांत प्रश्न पदार्थाचा नसतो, भांड्याचा असतो. तो त्यांच्या घरचा रिवाज आहे, आपला अपमान नाही. अशा ठिकाणी खजूर किंवा सुक्या मेव्याचा बंद डबा न्यावा. देताना आत काय आहे ते सांगावे. त्यांनी तो ठेवून घेतला आणि आपल्यासमोर उघडला नाही, तरी मनाला लावून घेऊ नये. बिर्याणी किंवा कुर्बानीचे मटण मात्र त्यांनी आपणहून हौसेने मागितल्याशिवाय नेऊ नये. शीरखुर्माच न्यायचा तर थोडा पातळ ठेवावा, कारण शेवया दूध पीत राहतात आणि दुपारपर्यंत त्याची खीर घट्ट होते. साहेबांना मधुमेह आहे हे ठाऊक असेल तर साखर घातलेले काहीच नको, बदाम-पिस्ते चालतील.

साहेब आपल्यातलेच असतील तर आणखी थोडी काळजी. पुरुषांना सोने आणि रेशीम वर्ज्य आहे, तेव्हा सोन्याचे बटण किंवा रेशमी टाय देऊ नये. चामड्याची वस्तू घेताना कातडे कशाचे आहे ते दुकानदाराला विचारावे. सुगंध द्यायचा तर अत्तर बरे. कनौजचे कारागीर अजूनही तांब्याच्या डेगेत फुले उकळून त्यांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यात अल्कोहोल नसते. पण स्वस्त बाटलीवर नुसते 'अत्तर' लिहिलेले असले म्हणून विश्वास ठेवू नये, विचारून घ्यावे.

साहेब पुरुष आणि आपली मुलगी कर्मचारी असेल, किंवा मॅडम साहेब आणि आपला मुलगा कर्मचारी असेल, तर अत्तर, कपडे, दागिना अशा अंगावरच्या वस्तू टाळाव्यात. भेट घराकडून घराला जावी. "आमच्या अम्मीने तुमच्या घरच्यांसाठी पाठवले आहे," एवढे वाक्य पुरे होते. त्यात अदब राहते आणि कुणाच्या जिभेला काम मिळत नाही.

परदेशातल्या मुलांसाठी

आपल्यातली, विशेषतः कोकणातली, कितीतरी घरे आखातातल्या पगारावर उभी आहेत. मुलगा रजेहून परत निघाला की बॅगेत एक कोपरा कफीलसाठी किंवा मॅनेजरसाठी राखलेला असतो. काजू, आंबे, घरचे लोणचे. ही चांगली रीत आहे. फक्त एक गोष्ट मुलाला समजावून सांगावी. पगार वेळेवर मिळणे, कराराप्रमाणे सुट्टी मिळणे, कागदपत्रांचे नूतनीकरण होणे हे त्याचे हक्क आहेत. ते दर वेळी काहीतरी हातावर ठेवून घ्यायची सवय लागली, तर हक्क हा हक्क राहत नाही आणि त्याच्या मागून येणाऱ्या मुलालाही तेच द्यावे लागते. काजू नेताना मन मोकळे असेल तर न्यावेत, भीतीने न्यायचे असतील तर घरीच खावेत.

आपण स्वतः साहेब असू तर

हे सदर वाचणाऱ्यांत मुख्याध्यापक आहेत, शाखा व्यवस्थापक आहेत, ठेकेदार आहेत, दुकानाचे मालक आहेत. त्यांच्या टेबलावरही डबे येतात. सफरचंदाचा वास घेऊन परत करणारे खलिफा आपल्याला होता येईलच असे नाही, पण काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. आलेला खाऊ घरी न नेता सर्वांत वाटून टाकावा. महाग वस्तू आली तर आणणाऱ्याला एकट्याला बोलावून, त्याचा मान राखून, परत द्यावी. ज्याने काही दिले नाही त्याची पगारवाढ त्या वर्षी नीट लिहिली गेली ना, हे स्वतःशी पुन्हा तपासावे. आणि परतफेड विसरू नये. मराठी घरांत शेजारचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, दिवाळीच्या फराळाचे ताट शीरखुर्म्याने परतते आणि शीरखुर्म्याचे भांडे करंज्यांनी. साहेबांच्या घरूनही भांडे भरून परत आले, की देणारा आणि घेणारा एका पातळीवर येतात.

'मी कुणाकडूनही काही घेत नाही' असे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगणारे साहेबही असतात. त्यांचा राग धरू नये. त्यांनी आपल्यातल्या सर्वांत गरीब कर्मचाऱ्याला वाचवलेले असते.

खुर्ची गेल्यावर

शेवटी, ज्या भेटीबद्दल कुणालाच शंका घेता येणार नाही, तिच्याविषयी.

सरकारी नोकरीतला माणूस वयाच्या अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवसापासून फोन कमी होत जातात. ज्या घरी सणासुदीला डब्यांची रांग लागायची, तिथे पुढच्या सणाला दोन-चारच डबे येतात. काही वर्षांनी तेही थांबतात. एके काळी शंभर माणसांच्या रजा मंजूर करणारा माणूस दारात खुर्ची टाकून बसतो आणि दूधवाल्याशी गप्पा मारतो.

प्रेषितांनी (स.) विचारलेला प्रश्न इथे उलटा होऊन समोर येतो. माणूस आता खरोखरच घरी बसला आहे. द्यायला त्याच्या हातात काहीही नाही, ना बढती, ना बदली, ना सही. अशा वेळी त्याच्याकडे गेलेला डबा पूर्णपणे हदिया असतो.

तेव्हा यंदाच्या यादीत एक नाव वाढवा. ज्यांनी तुम्हाला काम शिकवले, चूक झाली तेव्हा पाठीशी घातले, जुम्याच्या नमाजला जाता यावे म्हणून जेवणाची सुट्टी थोडी पुढे-मागे करून दिली, असे एखादे जुने साहेब किंवा मॅडम आठवा. पत्ता नसेल तर जुन्या सहकाऱ्याकडून मिळवा. ईदच्या दिवशी नाही जमले तर दुसऱ्या दिवशी जा. मुलांना बरोबर न्या, म्हणजे त्यांनाही कळेल की हा डबा कशासाठी होता. थोडा वेळ बसा, त्यांची जुनी गोष्ट तिसऱ्यांदा ऐकावी लागली तरी ऐका.

आणि आजच्या साहेबांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना सर्वांबरोबर, सर्वांसमोर, सर्वांइतकाच शीरखुर्मा द्या. उरलेले काम आहेच, ते नीट करा. ईद मुबारक.